मोटार बदलण्याआधी
जुन्या वॉशिंग मशीनची दुरुस्ती : कमी भांडवलाचा, पण सचोटीचा धंदा

१९९०च्या दशकात आपल्याकडील अनेक मध्यमवर्गीय घरांत दोन टबांचे वॉशिंग मशीन आले. एका टबात कपडे धुवायचे, दुसऱ्यात पिळून काढायचे. त्या काळातील काही मशीन आजही चालू आहेत. पत्रा गंजलेला, झाकण तुटलेले, पण कपडे धुतले जातात. अशा मशीनची मोटार बंद पडली की घरमालकाला प्रश्न पडतो, दुरुस्त करावे की भंगारात द्यावे? कारागिरापुढे मात्र वेगळा प्रश्न असतो. ग्राहकाला खरे काय ते सांगावे, की सरळ नवी मोटार विकावी? या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आधी करावा, असे आम्हाला वाटते.

मुंबईत कुर्ल्याच्या एका गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानात आम्ही नुकतीच एक दुपार घालवली. तेथे एक वयस्कर बाई हातगाडीवर मशीन घालून आल्या. एका लहान लॉजच्या चादरी धुऊन देण्यावर त्यांचे घर चालते. दुसऱ्या कारागिराने त्यांना सांगितले होते की दोन्ही मोटारी जळाल्या आहेत, मशीन टाकून द्या. मिस्त्री म्हणाले, “खाला, आधी उघडून बघू द्या. पैशाचं मग बोलू.” बाई म्हणाल्या, “बघ बेटा, पण आठ दिवस मशीन बंद राहिलं तर माझं गिऱ्हाईक जाईल.”

मोटार खरोखर जळाली आहे का?

धुण्याची मोटार सुरू केली तर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. अशा वेळी पुष्कळ कारागीर मोटारीलाच दोष देतात. वास्तविक ही सिंगल फेज मोटार कंडेन्सरच्या मदतीने फिरते. कंडेन्सर निकामी झाला की ती जागची हलत नाही आणि तशीच चालू ठेवली तर मात्र जळते. धुण्याच्या बाजूला साधारण १० मायक्रोफॅरडचा आणि पिळण्याच्या बाजूला ५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पुष्कळ मशीनांत आढळतो. तरीही जुन्यावर छापलेला आकडा पाहूनच नवा घ्यावा.

मिस्त्रींनी प्लग काढला, कंडेन्सरमधील साठलेली वीज उतरवली आणि पट्टा काढून मोटार हाताने फिरवून पाहिली. ती मोकळी होती. मग मीटर लावला. धुण्याच्या मोटारीला दोन्ही दिशांनी फिरायचे असते, म्हणून तिच्या दोन गुंडाळ्या सारख्या असतात. सामाईक तारेपासून दोन्ही टोकांचा रोध जवळजवळ सारखा यावा आणि दोन टोकांमधील रोध त्याच्या दुप्पट यावा. तसाच आला. मोटार शाबूत होती. नवा कंडेन्सर बसवताच ती दोन्ही दिशांनी फिरू लागली.

मेली असेल तर कशाने मेली?

पिळण्याची मोटार मात्र खरोखर गेली होती. गुंडाळी काळी पडलेली, बेअरिंग गंजलेले. मिस्त्रींनी बोट वर दाखवले. टबाखालचे रबरी सील फाटले होते आणि पाणी थेंबाथेंबाने मोटारीवर पडत होते. येथे सील न बदलता नवी मोटार बसवली असती, तर तीही लवकरच जळाली असती आणि ग्राहकाने कारागिराला दोष दिला असता.

म्हणून कारण शोधल्याशिवाय मोटार बदलू नये. सील गळते का, खालच्या उघड्या बाजूने उंदराने तारा कुरतडल्या आहेत का, चकतीखाली नाणे किंवा पिन अडकली आहे का, टबात कपडे कोंबले जातात का, हे पाहावे.

नवी मोटार की रिवाइंडिंग?

नवी मोटार घेताना जुनी सोबत न्यावी. शाफ्टची जाडी व लांबी, बोल्टच्या छिद्रांमधील अंतर, फिरण्याची दिशा आणि वेग, सर्व जुळले पाहिजे. धुण्याच्या मोटारीचे पुलीचे माप बदलले तर चकतीचा वेगही बदलतो. बाजारात तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या गुंडाळीच्या अशा दोन्ही मोटारी मिळतात. अॅल्युमिनियम स्वस्त पडते, पण त्याची वीजवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के आहे. अॅल्युमिनियमची मोटार विकणे हा अपराध नाही. तांब्याची म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

खालांच्या मशीनला बसणारी मोटार बाजारात मिळेना. तेव्हा जुनीच रिवाइंड करायची ठरले. रिवाइंडिंगमध्ये वेढ्यांची संख्या आणि तारेचा गेज मूळचाच ठेवावा, वार्निश नीट सुकवावे. मोटार परत बसवण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशन तपासावे. ते किमान एक मेगओहम हवे. शेवटी अर्थिंग पाहावे, कारण येथे पाणी आणि वीज शेजारी नांदतात.

धुण्याची बाजू त्याच दिवशी सुरू करून मिस्त्रींनी मशीन घरी पाठवले. पिळण्याची मोटार व नवे सील चार दिवसांनी बसवायचे ठरले. तोवर चादरी हाताने पिळाव्या लागणार होत्या, पण काम थांबणार नव्हते. दोनऐवजी एकाच मोटारीचे पैसे मिळाले, याबद्दल आम्ही विचारले. ते म्हणाले, “साहेब, खालांनी त्यांच्या गल्लीतली चार मशीनं माझ्याकडे पाठवली, की झाली वसुली.”

तरुणांसाठी

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. मीटर, मेगर, पुली काढण्याचा पुलर, पाने आणि बसायला जागा एवढ्यावर सुरुवात होते. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम केलेला असेल तर पाया पक्का होतो. सरकारनेही दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेऊन २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनही येते. म्हणजे जे मशीन दुरुस्त होऊ शकते, ते कचऱ्यात जाऊ नये, ही आता केवळ गरिबाची गरज राहिलेली नाही.

तीन सवयी मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. बिलावर तांबे की अॅल्युमिनियम ते लिहावे. आणि मोटार चांगली असेल तर ती चांगली आहे, असे सांगावे. या तीन गोष्टींना एक पैसाही लागत नाही, पण दुकान त्यांच्यावरच उभे राहते.