आठ वाट्यांची लूट

अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलाने शत्रूचे जहाज पकडले, की प्रकरण आधी नौदल न्यायालयापुढे जाई. पकड कायदेशीर ठरली, की जहाज आणि माल विकून आलेला पैसा पकडणाऱ्यांत वाटला जाई. 1708 च्या कायद्याने राजसत्तेने आपला हक्क त्यांच्यासाठी सोडला होता.

या रकमेचे आठ वाटे पडत. तीन कप्तानाचे; तो अ‍ॅडमिरलच्या हुकमाखाली असेल, तर त्यांतला एक अ‍ॅडमिरलचा. पुढचे तीन अधिकारी आणि दुय्यम हुद्देदारांचे. उरलेल्या दोन वाट्यांत बाकीचे सगळे. मोठ्या युद्धनौकेवर असे शेकडो जण असत.

मे 1762 मध्ये दोन लहान इंग्रज जहाजांनी ‘हर्मायनी’ हे स्पेनचे खजिन्याचे जहाज पकडले. प्रत्येक कप्तानाला सुमारे 65,000 पौंड मिळाले, साध्या खलाशाला सुमारे 485. महिना 24 शिलिंग पगाराच्या माणसाला ही तीस वर्षांची कमाई होती. अशी नशिबाची गोष्ट बंदराबंदरात पोचे आणि पोरे भरतीला येत.

त्याच वर्षी स्पेनचे हवाना इंग्रजांच्या हाती पडले. तापाने हजारो माणसे मेली. अ‍ॅडमिरल पोकॉक यांना 1,22,697 पौंड मिळाले. खलाशाच्या हाती पावणेचार पौंडही पडले नाहीत. फरक बत्तीस हजार पटींहून अधिक.

हीच वाटणी कोकणानेही पाहिली. फेब्रुवारी 1756 मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि लष्कराचे क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला. मोहिमेत पेशवे इंग्रजांचे दोस्त होते. तरी लुटीत त्यांना वाटा द्यायचा नाही, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठकीत ठरवले. क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानाइतका वाटा कमी वाटला. त्याचा मान राखण्यासाठी वॉटसनने आपल्या वाट्यातून भर घालायची तयारी दाखवली. क्लाइव्हने ती घेतली नाही. भांडण वरच्यांचे होते. तोफा ओढणाऱ्यांचा वाटा वाढवावा, असा प्रश्न त्या बैठकीत नव्हता.

मिळणारे थोडेही वेळेवर मिळत नसे. निकाल लांबत, दलाल आपले टक्के कापत, आणि मेटाकुटीला आलेला खलाशी आपला हक्क सावकाराला स्वस्तात विकून टाकी.

1808 मध्ये कप्तानाचे वाटे तीनाचे दोन झाले आणि काही दुय्यम हुद्देदारांसह खालच्या नाविकांना मिळून चार वाटे मिळू लागले. 1918 च्या कायद्याने एकेका जहाजाचा वेगळा हिशेब संपवून सगळा पैसा सामाईक निधीत जमा केला.

कप्तानाची जबाबदारी मोठी होती, त्याला जास्त मिळणे रास्त. पण तोफेचा गोळा हुद्दा विचारत नव्हता. वाट्याचे आकडे कायद्याने लिहिले होते, म्हणून ते कायद्याने बदलताही येत होते. त्यासाठी शंभर वर्षे लागावीत, हा खलाशांवर झालेला उघड अन्याय आहे.