कुंडीत आपोआप उगवलेलं रोप कशाचं? उपटण्याआधी हे पाहा

पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमधल्या कुंड्यांत, सोसायटीच्या बागेत न लावलेली रोपं उगवतात. ती ओळखायची कशी?

थांबा: पहिली जाड पानं म्हणजे बीजपत्रं. खरी ओळख त्यानंतरच्या पानांवरून पटते.

चिंच की सुबाभूळ? चिंचेच्या एकाच देठावर समोरासमोर पानोळ्या असतात. सुबाभळीचा देठ आधी फाटे फोडतो, मग त्यांवर पानोळ्या येतात. गुलमोहराचंही तसंच, पण सुबाभळीच्या देठावर बारीक ग्रंथी असते. मेक्सिकोकडून आलेली सुबाभूळ झपाट्याने पसरते, लहानपणीच उपटा.

पिंपळ? हृदयाकृती पान, लांब टोक, पांढरा चीक. भिंतीत असेल तर लगेच हलवा. मुळं भेग रुंदावतात.

घाई का? मोठं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते.