जळण्याआधी मोजलेलं घर

युगांडातल्या कंपाला शहरात कासुबी नावाची टेकडी आहे. तिथे बुगांडा राज्याच्या चार राजांची समाधी, म्हणजे लाकूड, वेत आणि गवताचं एक प्रचंड गोल घर होतं. छपराला आतून ५२ कडी होती, राज्यातल्या ५२ कुळांची खूण म्हणून. १६ मार्च २०१० च्या रात्री हे घर जळून खाक झालं. सुदैवाने आदल्याच वर्षी ‘सायआर्क’ या संस्थेने त्याचं लेझर स्कॅनिंग करून ठेवलं होतं.

सायआर्कचे संस्थापक बेन कासिरा मूळचे इराकमधल्या मोसुलचे. लहानपणी वडील त्यांना जवळच्या निनेवेचे अवशेष दाखवायला नेत. पुढे अमेरिकेत स्थापत्य अभियंता म्हणून काम करताना त्यांच्या कंपनीने उचलून नेता येईल असा लेझर स्कॅनर बनवला, तो कारखान्यांच्या आणि पुलांच्या मोजमापासाठी. २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या. कासिरांनी मग तेच यंत्र वारशाच्या कामाला जुंपलं आणि २००३ मध्ये पत्नीसह सायआर्क स्थापन केली.

तिपाईवरचं हे यंत्र स्वतःभोवती फिरत लेझर किरण सोडतं. किरण दगडावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. असे कोट्यवधी बिंदू जमले की वास्तूचा त्रिमितीय आकार उभा राहतो. पण किरण सरळच जातो; खांबामागचं त्याला दिसत नाही. गुजरातमधल्या पाटणच्या ‘रानी की वाव’चं स्कॅनिंग २०११ मध्ये स्कॉटलंडच्या तज्ज्ञांसोबत झालं. जांभळ्या शंभराच्या नोटेवर दिसते तीच ही विहीर. मजल्यामागून मजला खाली उतरत जाते, आणि भिंती विष्णूच्या अवतारांनी, अप्सरांनी भरलेल्या. एखाद्या मूर्तीच्या कमरेवर टेकलेल्या हातामागची पोकळी टिपायची, तर तिपाई पुन्हा सरकवावी लागते. मग सगळ्या जागांवरची मापं एकमेकांत बसवायची. खरी चिकाटी लागते ती इथे.

तरीही मापं म्हणजे कारागिरी नव्हे. कासुबीचं छप्पर शाकारण्याचा मान न्गेये कुळाचा. गवताची पेंढी किती जाड बांधायची, कुठे दाबायची, हे त्या हातांना ठाऊक. स्कॅनरला ते कसं दिसणार? पुन्हा बांधताना या जाणत्यांवाचून चालणारं नव्हतं. पुनर्बांधणीनंतर २०२३ मध्ये युनेस्कोने कासुबीला धोक्यातल्या वारशाच्या यादीतून बाहेर काढलं.

आपल्या कोकणात जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळांचे कोरीव लाकडी सभामंडप उतरवले जातात आणि सिमेंटचे उभे राहतात. तुमच्या गावात असा विषय निघाला, तर आधी मंडपाचे मोबाइलवर भरपूर फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग यायला हवा, आणि मापासाठी शेजारी एक पट्टी ठेवा. अशा फोटोंवरूनही संगणक त्रिमितीय प्रतिकृती बनवू शकतो. आणि गावातल्या म्हाताऱ्या सुताराला शेजारी बसवून प्रत्येक सांध्याची माहिती त्याच्याच तोंडून रेकॉर्ड करा. मंडपाचं पहिलं लाकूड निघण्याआधी एवढं कराच.