लहान झालेल्या जठराची भूक

वजन कमी करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने जठर लहान होते, हे रुग्णाला आधीच ठाऊक असते. भूक किती बदलते, हे मात्र घरी आल्यावर कळते. पहिले काही आठवडे अनेकांना भूक अशी लागतच नाही. आयुष्यभर दर दोन-तीन तासांनी खा-खा होणाऱ्या माणसाला दुपार टळली तरी जेवणाची आठवण होत नाही. या काळाचा रुग्णाला आनंद वाटतो, घरच्यांना काळजी वाटते, आणि दोघांचेही थोडेथोडे बरोबर असते.

भूक जाण्यामागे जागा कमी झाली एवढेच कारण नसते. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, बाकीचे जठर जागेवर राहते, पण अन्न त्यातून जात नाही. १९९९ मध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटाकार भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर घ्रेलिन स्पष्टपणे घटते. बायपासनंतरचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. दोन्ही प्रकारांत अन्न लहान आतड्यात लवकर उतरते आणि आतड्यातून जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके एरवीपेक्षा जास्त स्रवतात. चार घासांत पोट भरल्याची भावना येते ती बरीचशी यांच्यामुळे. सध्या गाजत असलेले सेमाग्लुटाइड हे औषध याच जीएलपी-१ची नक्कल करते.

नुसत्या उपासमारीने वजन उतरवले तर शरीर नेमके उलटे वागते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग केला. या तरुणांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरा विषयच उरला नाही. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची वखवख लवकर शमली नाही. शस्त्रक्रिया ही वखवख काही काळ थोपवून धरते. तिचा मोठा फायदा हाच आहे आणि तो कायमचा नाही.

भूक नसली तरी शरीराची गरज चालूच असते, आणि इथेच पहिली चूक होते. ‘भूक लागली की खाईन’ हा एरवीचा शहाणा नियम या काळात कामाचा नाही. घड्याळ पाहून खावे लागते. आधी पाण्यासारखे पातळ, मग दाट द्रव, मग घोटलेले, मग मऊ अन्न असे टप्पे घेत साधारण सहा ते आठ आठवड्यांत नेहमीच्या जेवणापर्यंत पोचता येते. या काळात आणि नंतरही दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. शाकाहारी घरात हा हिशेब अवघड बसतो. वाटीभर पातळ वरणातून फार तर पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ती वाटीही एका बैठकीत संपत नाही. म्हणून वरणाऐवजी घट्ट डाळ, भाताआधी पनीर, दही किंवा अंडे, आणि तरीही कमी पडले तर आहारतज्ज्ञाने सुचवलेली प्रथिनांची पावडर असा क्रम लावावा लागतो. मुगाचे कढण आणि नाचणीची पेज पचायला हलकी खरी, पण तेवढ्यावर महिने काढले तर स्नायू झिजतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागले की घरात तेल-शिकेकाईची चर्चा सुरू होते. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम असतो. आहारात प्रथिने आणि लोह कमी पडले तर गळती वाढते.

पाण्याचेही तसेच. दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटाने प्यायचे, पण जेवताना नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. सतत उलट्या होत असतील तर ‘पोट लहान झालंय, असं होणारच’ म्हणून अंगावर काढू नये. अशा उलट्यांमुळे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

चवही बदलते. वर्षानुवर्षे दोन चमचे साखरेचा चहा पिणाऱ्याला तोच चहा पाकासारखा गोड लागतो. कुणाला मटणाचा किंवा तुपाच्या फोडणीचा वास सोसत नाही. ही नावड बहुधा काही महिन्यांत ओसरते, म्हणून एकदा नको झालेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा चाखून पाहावा.

तृप्तीची खूणही नव्याने शिकावी लागते. पूर्वी पोट तट्ट फुगल्यावर हात थांबायचा. आता छातीच्या हाडामागे किंचित दाब, एखादी उचकी, अचानक वाहू लागलेले नाक एवढाच इशारा मिळतो. त्यापुढचा एक घास जास्तीचा ठरतो. गरम मऊ पोळी सुरुवातीला विशेष त्रास देते: नीट न चावलेल्या घासाचा चिकट गोळा होतो, तो अडकतो, तोंडाला पांढरी फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी सगळे उलटून पडते. त्यापेक्षा आमटीत कुस्करलेली भाकरी बरी. लहान वाटी, लहान चमचा आणि जेवणाला वीस-तीस मिनिटे हे उपाय साधे आहेत. समोर टीव्ही चालू असला की ते पहिल्यांदा विसरले जातात.

भुकेसारखी वाटणारी प्रत्येक गोष्ट भूक नसते. बायपास झालेल्याने जिलेबी किंवा श्रीखंड खाल्ले तर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. गोड खाल्ल्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते, एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरते, हात थरथरतात आणि जबरदस्त भूक लागते. माणूस पुन्हा गोड खातो आणि दोन तासांनी पुन्हा तेच होते. अशा वेळी साखर मोजून पाहणे आणि जेवणात प्रथिने व तंतुमय पदार्थ वाढवणे हा मार्ग आहे. साखर खरोखर खाली गेली असेल तर मात्र थोडे गोड तातडीने घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. पोटात कुरतडल्यासारखे होऊन खाल्ल्यावर बरे किंवा उलट जास्त वाईट वाटत असेल, तर तो व्रण असू शकतो. वेदनाशामक गोळ्या आणि धूम्रपान यांमुळे बायपासच्या जोडावर असे व्रण होतात. बर्फ, कच्चे तांदूळ किंवा खडू खावासा वाटू लागला तर रक्तातील लोह तपासायला हवे. आणि दुपारी चारला, काहीच त्रास नसताना खारी आठवते, ती बहुतेक वेळा सवयीची भूक असते.

साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान खरी भूक परत येते. अनेकजण घाबरतात, शस्त्रक्रिया फसली, जठर ताणले गेले, असे वाटते. प्रत्यक्षात हे अपेक्षितच असते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनी ही घट सुमारे २५ टक्के उरली होती. म्हणजे थोडे वजन परत आले, बरेचसे गेलेलेच राहिले. भूक गप्प असते त्या महिन्यांत जेवणाच्या वेळा, चालणे आणि पदार्थांचा क्रम अंगवळणी पडला असेल तर परतलेली भूक आवाक्यात राहते. ते महिने नुसते काटा उतरताना पाहण्यात गेले, तर पुढचे काम जड जाते.

वजन परत चढण्याची वाट बहुधा मोठ्या जेवणातून जात नाही. लहान जठरात पिठलं-भाकरी बेताचीच मावते; चिवडा, शेव, वेफर, आइस्क्रीम मात्र सरकत जातात आणि तृप्तीही देत नाहीत. दिवाळीच्या फराळाचा डबा हाताशी ठेवून दिवसभर तोंड चालू राहिले तर शस्त्रक्रियेला वळसा घातला जातो. उपवासाचा दिवसही कसोटीचा. साबुदाणा खिचडीत स्टार्च आणि तेल भरपूर, प्रथिने दाण्याच्या कुटापुरती. त्यापेक्षा दही, ताक, पनीर, शेंगदाणे यांवर उपवास काढणे चांगले. लग्नाच्या पंगतीतला आग्रह हा तर स्वतंत्रच विषय आहे. ताटात आधीच थोडे वाढून घेऊन सावकाश जेवत राहणाऱ्याला वाढपी सहसा सोडून देतात.

दारूबाबत वेगळी सावधगिरी लागते. विशेषतः बायपासनंतर ती झटकन चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून काहींमध्ये व्यसन वाढल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. अन्नातून मिळणारा दिलासा बंद झाल्यावर तो दुसरीकडे शोधला जाण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी खाण्याचा संबंध राग, एकटेपणा किंवा ताण यांच्याशी होता अशा रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञाची गाठ आहारतज्ज्ञाइतकीच गरजेची ठरते.

एवढे करूनही भूक आवरेना आणि वजन चढत राहिले, तर सर्जनकडे परत जायला संकोच वाटू नये. जठराची किंवा जोडाची एंडोस्कोपीने तपासणी, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर यांच्या चाचण्या, गरज पडल्यास लिराग्लुटाइड किंवा सेमाग्लुटाइडसारखी औषधे, आणि निवडक रुग्णांत दुसरी शस्त्रक्रिया असे पर्याय आज उपलब्ध आहेत. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी मात्र, भूक असो वा नसो, कायम चालू ठेवावी लागते.