घरातल्या घरात फाईल का रांगते?

लग्नाच्या शूटिंगचं ४० जीबीचं फोल्डर आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर न्यायचंय. अंतर पंधरा पावलं, आणि स्क्रीनवर मात्र ‘दोन तास बाकी’! पहिला राग निघतो नेटवाल्यावर. पुष्कळजण लगेच महागडा प्लॅनही घेऊन टाकतात. पण या कामाशी इंटरनेटचा संबंधच नाही. बाहेरून येणारी फायबर काढून ठेवा; राउटर चालू आहे तोवर फाईल त्याच वेगाने जात राहील. अडलंय ते घरातच कुठेतरी.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. प्लॅनवर आणि राउटरच्या खोक्यावर स्पीड लिहितात तो बिटमध्ये, कॉपी होताना दिसतो तो बाइटमध्ये. ८ बिट मिळून एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएस पूर्णच्या पूर्ण मिळाले तरी सेकंदाला १२.५ एमबीच्या वर काटा जाणार नाही, हाती पडतात ११-साडेअकरा. हा ११ चा आकडा ध्यानात ठेवा. चोर पकडायला तो फार उपयोगी पडतो.

दोन्ही मशीन वायफायवर असतील तर फाईल हवेतून दोनदा प्रवास करते: लॅपटॉपकडून राउटरकडे, मग राउटरकडून कॉम्प्युटरकडे. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दोघांपैकी एकाला नुसती वायर जोडा, वेग जवळजवळ दुप्पट होतो. फुकटातला एवढा मोठा फायदा दुसरा नाही.

आणि दोघांनाही वायर जोडूनसुद्धा काटा ११ वरच अडकला, तर संशय थेट वायरवर घ्या. लॅन केबलच्या पोटात ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या ४ पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. एखादी तार आतल्या आत तुटली, कनेक्टरमध्ये नीट बसली नाही किंवा कपाटाखाली चेपली गेली, की बहुतेक वेळा दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू, व्हिडिओ चालू, दिवाही लुकलुकतोय. मग केबलकडे बघणार कोण? विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ वाचा. तिथे १०००/१००० हवं. १००/१०० दिसलं तर कॅट ५ई किंवा कॅट ६ ची नवी केबल घाला. तांब्याच्या तारेवरून १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेण्याचं मानक १९९९ मध्येच आलंय, घरासाठी यापेक्षा भारी काही लागत नाही. हिशेब सांगतो: ४० जीबीला १०० एमबीपीएसवर तासभर जातो, गिगाबिटवर सहा-सात मिनिटं.

केबल बदलूनही फरक नाही? मग राउटर उलटा करून बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० आणि मागची पोर्टं १०० चीच, असे स्वस्त राउटर बाजारात भरपूर आहेत. ते १२०० तरी कुठून आले? एका बँडचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची बेरीज करून, वर गोल केलेला आकडा! एका लॅपटॉपला दोन्ही मिळून कधीच मिळत नाहीत.

आता हवेतली गंमत. वायफाय वापरतं तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने १९८५ मध्ये विनापरवाना वापराला मोकळा केला. मायक्रोवेव्ह ओव्हन आधीपासून तिथेच होता, ब्लूटूथही पुढे तिथेच आलं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून चमत्कारिक संकेत यायचे. २०१५ मध्ये उलगडा झाला: वेळ संपायच्या आत कुणीतरी ओव्हनचं दार उघडत होतं! ही दुर्बीण चालवणाऱ्या सीएसआयआरओ संस्थेतच जॉन ओ’सलिव्हन यांच्या चमूने १९९० च्या दशकात वेगवान वायफायमागचं एक महत्त्वाचं तंत्र शोधलं, आणि त्याचं मूळही रेडिओ खगोलशास्त्रातल्या गणितात आहे. दुर्बिणीला ओव्हन छळतो, तर तुमच्या राउटरची काय कथा? फाईल न्यायची तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झवर या. हा पट्टा भिंतीपलीकडे लवकर दमतो, तेव्हा शक्यतो राउटरच्याच खोलीत बसा.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली असेल तर तीही २.४ च्या आसपास गोंगाट करते. तिथेही उपाय ५ गिगाहर्ट्झचाच.

जुन्या राउटरमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘टीकेआयपी’ निवडलेलं असेल तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही. तिथे ‘डब्ल्यूपीए२-एईएस’ करा. सुरक्षाही वाढते, वेगही.

दहा हजार फोटो आणि तेवढ्याच आकाराची एकच फाईल यांत फोटो फार मागे पडतात. प्रत्येक फोटोसाठी उघड, लिही, बंद कर हा सोपस्कार नव्याने होतो. झिप करून एकच फाईल पाठवा. आणि राउटरच्या मागे पेन ड्राइव्ह खोचून त्यावरून वेगाची आशा धरू नका, राउटरच्या प्रोसेसरचा तेवढा जीव नसतो.

२००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधून त्याची इंटरनेटशी शर्यत लावली होती. सुमारे ८० किलोमीटर उडून, कार्ड कॉम्प्युटरवर उतरवेपर्यंत दोन तासांवर थोडी मिनिटं गेली. तेवढ्यात लाइनवरून जेमतेम ४ टक्के डेटा पोचला होता. तेव्हा एकदाच काय ते न्यायचं असेल तर चांगली एसएसडी घ्या आणि पंधरा पावलं चाला. रोजचंच काम असेल तर आधी केबल बदला, प्लॅनचं नंतर बघा.