कुरणाचे गणित आणि गावाचे गायरान

न्यूटन म्हटले की गुरुत्वाकर्षण आठवते; बैल आणि कुरण आठवत नाहीत. तथापि १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बीजगणितावरील लॅटिन ग्रंथात बैलांच्या चराईचे एक उदाहरण आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, बैल चरत असतानाच गवत वाढतही असते.

त्यातील मर्म सोप्या आकड्यांनी स्पष्ट होईल. एक कुरण १० गाईंना २० दिवस पुरते. १५ गाईंना १० दिवस. एका गाईचा एका दिवसाचा चारा हा एक वाटा धरला, तर पहिल्या वेळी २०० वाटे खर्ची पडले, दुसऱ्या वेळी १५०. जादा ५० वाटे कोठून आले? अधिकच्या १० दिवसांत ते उगवले. म्हणजे वाढ रोज ५ वाट्यांची आणि मूळचा साठा १०० वाट्यांचा. ५ गाई राखल्या तर साठ्याला हात लागत नाही. २५ सोडल्या तर ५ दिवसांत जमीन उघडी पडते. मुद्दल आणि व्याज यांतील भेद तो हाच.

परंतु वाढ सदैव सारखी असते, हे या गणितातील गृहीत दख्खनच्या पठारावर टिकत नाही. येथे गवत वाढते ते मुख्यतः पावसाळ्यात. पुढे उन्हाळा संपेपर्यंत साठाच पुरवावा लागतो. शिवाय गवताचे अन्न पानांत तयार होते. पहिल्या पावसाचे कोवळे पाते वारंवार खुडले गेले की मुळे खंगतात आणि वाढच मंदावते. मारवेलसारखे सकस गवत हटते, कुसळी माजते. गुरे तेवढीच राहूनही हिशेब तुटीचा होतो.

म्हणूनच ‘गुरे किती’ याइतकाच ‘गुरे केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी पाळली. गुरे मोकळी न सोडता गवत कापून आणले. पावसाळा पठारावर काढून पुढे कोकणाकडे मेंढरे नेणाऱ्या धनगरांची भटकंती हाही एका जागेवर भार पडू न देण्याचाच उपाय होय.

मात्र बंदीचा भार कोणी सोसावा? शेतमालकाच्या घरी कडबा असतो. भूमिहीनाच्या दोन शेळ्यांना गायरानावाचून थारा नाही. त्यातच गायराने आक्रसत आहेत. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राज्यांना दिला. जमीन घटली की साठा आणि वाढ दोन्ही घटतात, हे सांगायला न्यूटन नको. ग्रामसभेने मृगापूर्वीच गायरानाचे भाग पाडावेत, एकेक भाग आळीपाळीने राखावा आणि कापलेल्या गवतात पहिला वाटा भूमिहीनांना द्यावा. गरिबाला न पटणारी चराईबंदी रात्रीच्या अंधारात मोडली जाते, आणि मग कोणताही हिशेब जुळत नाही.