तीन टाक्यांचा संसार

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर, क्वार्ट्‌साइट नावाचे एक छोटे वाळवंटी गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची कायम वस्ती अडीच हजारांच्या आत भरली. मात्र हिवाळा लागला की झोपण्याची जागा, ओटा, न्हाणी आणि शौचकूप पोटात घेऊन फिरणारी मोटारघरे, ज्यांना तेथे आरव्ही म्हणतात, त्या गावाभोवतीच्या सरकारी माळावर हजारोंनी येऊन उभी राहतात. या माळाची व्यवस्था पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्य सरकारच्या खात्याने १९८३ पासून दीर्घ मुक्कामासाठी काही क्षेत्रे राखून ठेवली आहेत आणि त्यांपैकी ला पोसा हे क्वार्ट्‌साइटच्या दक्षिणेला, महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात परवाना काढून तेथे कितीही दिवस राहता येते, पण गाडीजवळ नळ नाही, विजेचा जोड नाही आणि गटारही नाही. अशा जोडांविना राहण्याला बूनडॉकिंग म्हणतात. या क्षेत्रांच्या नियमावलीतील एक अट लक्षात घेण्याजोगी आहे: तेथे येणाऱ्या गाडीला किमान १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर मावेल अशी, कायमची बसवलेली सांडपाण्याची टाकी असावी लागते. वाळवंटात मुक्काम करू पाहणाऱ्याला खाते आधी विचारते ते वापरलेले पाणी कोठे ठेवणार हे, आणि आरव्हीतील पाण्याचे सारे गणित याच प्रश्नाभोवती फिरते, असे या विषयात मुरलेली मंडळीही सांगतात.

या मोटारघरांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कमध्ये मांडलेली टूरिंग लँडो ही मोटार अशा गाड्यांचा आरंभ मानली जाते. १९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपर या ॲल्युमिनियमच्या ओढगाडीत पाण्याचा स्वतःचा साठा आला. महायुद्धानंतर महामार्ग वाढले, प्लास्टिकच्या टाक्या स्वस्त झाल्या आणि उरलेले सारे त्यामागोमाग आले. लेखक जॉन स्टाइनबेकने १९६० मध्ये रोसिनान्ते नावाच्या गाडीतून देशभर केलेल्या भ्रमंतीत झाकणाच्या बादलीत कपडे, साबण आणि पाणी घालून ती लवचीक दोरीने टांगली व धुण्याचे काम रस्त्याच्या हिसक्यांवर सोपवले, ही युक्ती मात्र या धावत्या इतिहासातही वगळता येत नाही.

आजच्या मध्यम आरव्हीत तीन टाक्या असतात. पहिली ताज्या पाण्याची. दुसरी ग्रे टाकी, म्हणजे मोरी, बेसिन आणि न्हाणीचे सांडपाणी घेणारी. तिसरी ब्लॅक टाकी, म्हणजे शौचकूपाखालची. ताज्या पाण्याच्या टाकीतून पाणी नळापर्यंत नेण्याचे काम बारा व्होल्टवर चालणारा, रबरी पडद्याच्या हालचालीने पाणी ढकलणारा एक छोटा पंप करतो. नळ उघडला की नळीतील दाब उतरतो, दाबावर चालणारे बटण पंप सुरू करते आणि नळ बंद होऊन दाब दर चौरस इंचाला सुमारे ५५ पौंडांवर गेला की पंप आपोआप थांबतो. या पंपाची घरघर हीच वाळवंटातली पाणीपट्टी होय, कारण ती जितके क्षण ऐकू येते तितके पाणी गेलेले असते; आणि सारे नळ बंद असताना मध्यरात्री तो क्षणभर घरघरून गप्प झाला, तर कोठेतरी थेंब थेंब गळती आहे असे खुशाल समजावे. जाणते लोक म्हणूनच बाहेर पडताना आणि गाडी हलवताना पंपाचे बटण बंद करतात, नाहीतर सैल झालेली एखादी नळी अख्खी टाकी जमिनीवर रिकामी करते.

उदाहरणादाखल अशी गाडी घेऊ की जिची ताज्या पाण्याची टाकी ५० गॅलनची, म्हणजे १९० लिटरची, आणि ग्रे टाकी ३५ गॅलनची, म्हणजे सुमारे १३२ लिटरची आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे सामान्य अमेरिकी माणूस घरात दिवसाला सरासरी ८२ गॅलन पाणी वापरतो. त्या सवयीने ही टाकी एका माणसालाही दिवसभर पुरणार नाही. दोघांनी मिळून २८ लिटरांवर दिवस भागवला तर मात्र ती साडेसहा-पावणेसात दिवस चालते. त्यातले सुमारे सहा लिटर पिण्यात व स्वयंपाकात आणि चार लिटर शौचकूपात गेले, तर उरलेले अठरा लिटर ग्रे टाकीत पडून ती साधारण सात दिवसांत भरते, म्हणजे दोन्ही टाक्या जवळजवळ बरोबरच हात टेकतात. हा समतोल नाजूक आहे. तेथील कायद्याने घरगुती शॉवरची कमाल धार मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर, ठरवून दिली आहे. त्या धारेखाली दोघांनी एकेकदा आठ मिनिटे अंघोळ केली की दीडशे लिटर खर्ची पडतात आणि ग्रे टाकीत ते मावतच नाहीत. जागा न मिळालेले पाणी मग सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे न्हाणीच्या मोरीतून, साबणाचा फेस आणि भाताची शिते घेऊन पायाशी उलटे चढते. नवख्या माणसाला टाकीचे गणित बहुधा येथेच समजते.

अंघोळीचा विचार म्हणून या शास्त्रात सर्वांत विस्ताराने केलेला आढळतो, आणि ते योग्यच आहे. अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरील शिस्तीवरून नेव्ही शॉवर म्हणून ओळखली जाणारी पद्धत अशी, की अर्धे मिनिट अंग भिजवावे, पाणी बंद करून साबण लावावा आणि मिनिटभरात अंग धुऊन काढावे. मिनिटाला दीड गॅलनच्या काटकसरी तोटीने हे साडेआठ लिटरांत होते. हातातल्या शॉवरच्या मुठीवर असलेले बटण दाबून पाणी रोखले तरी बारीक धार गळत राहते. तो दोष नसून गरम व थंड पाण्याचे प्रमाण टिकावे म्हणून मुद्दाम ठेवलेली सोय आहे. खरी नासाडी होते ती गरम पाणी येण्याची वाट पाहताना, कारण बंबापासून न्हाणीपर्यंतच्या पाच-सहा मीटर नळीतच पाऊण लिटरच्या आसपास थंड पाणी साठलेले असते, आणि साठ्याचा बंब नसून तत्क्षणी पाणी तापवणारा हीटर असेल तर त्याच्या पेटण्याच्या विलंबाची भर पडते. शिवाय पाणी मध्येच थांबवले की तसा हीटर विझतो व पुन्हा चालू करताच अंगावर गार पाण्याचा लोट येतो. सबब नळजोडाविना राहणाऱ्यांनी जुन्या धाटणीच्या सहा गॅलनच्या बंबालाच पसंती द्यावी, विक्रेत्यांनी अखंड गरम पाण्याचे कितीही कौतुक सांगितले तरी. वाट पाहतानाचे थंड पाणी काहीजण जगमध्ये धरून चहाला वापरतात; काहीजण अशी झडप बसवून घेतात की जिच्यामुळे ते पाणी गरम होईपर्यंत ताज्या टाकीतच परतते. अनेक अमेरिकी मुक्कामकरी तर बागेत औषध फवारण्याचा नवा कोरा हातपंप आणून त्यात किटलीतले गरम पाणी मिसळतात आणि त्यावरच अंघोळ उरकतात. बादली-तांब्याच्या अंघोळीवर वाढलेल्या माणसाला अर्ध्या बादलीत हे सारे सहज जमते, ही गोष्ट त्या शोधकांच्या कानावर कोणी घातलेली दिसत नाही.

भांड्यांच्या बाबतीत एक युक्ती अशी आहे की तिला या विद्येचा मुकुटमणी म्हणता येईल. मोरीत प्लास्टिकचे टब ठेवून त्यात भांडी धुवावीत, ते पाणी गाळून घ्यावे आणि शौचकूपात ओतावे. यामुळे एकाच पाण्यात तिन्ही टाक्यांचे भले होते, कारण ताज्या टाकीतील फ्लशचे पाणी वाचते, ग्रे टाकीतील जागा वाचते आणि ब्लॅक टाकीला हवे असलेले पाणी मिळते. ब्लॅक टाकीला पाणी हवे असते, हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आरव्हीचे शौचकूप पायाने दाबायच्या पट्टीवर चालते, घरगुती शौचकूपाला लागणाऱ्या सहा लिटरांऐवजी त्याला एखादा लिटर पुरतो, आणि म्हणून काटकसरीच्या भरात माणसे तेथेच हात आखडतात. परिणामी मैला पसरत नाही, नळीच्या तोंडाखाली शंकूसारखा ढीग वाळतो आणि पुढे ताकदीचा फवारा मारूनही तो सुटत नाही. उन्हाळी सुटीत भाड्याची आरव्ही घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहणाऱ्या अमेरिकेतील मराठी कुटुंबांना शौचाला पाणी वापरायचे असते व त्याची उगाच धास्ती वाटते. ते पाणी ब्लॅक टाकीतच जाते, तेव्हा तेथे त्याचे स्वागतच आहे. त्यांनी जपावे ते ओट्यापाशी. तांदळाचे धुवण, कणकेचे हात आणि फोडणीची तेलकट कढई ग्रे टाकीत गेली की तिला दोन दिवसांत वास मारू लागतो. म्हणून खरकटे कागदाने पुसून केरात टाकावे व मगच भांड्याला पाणी लावावे. कुकरमध्ये एकावर एक डबे लावून डाळ-भात शिजवण्याची रीत मात्र या गाड्यांसाठीच घडवली असावी इतकी सोयीची आहे.

कोणती टाकी किती भरली हे भिंतीवरील दिव्यांच्या पट्टीवर रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली अशा चार पायऱ्यांत दिसते. टाकीच्या भिंतीतून आत डोकावणाऱ्या धातूच्या खिळ्यांवर हे दिवे चालतात, आणि खिळ्यांवर साबणाची व तुपकट साय बसली की ग्रे टाकी रिकामी असूनही दिवा भरलेलीच म्हणतो. टाकीला बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या अधिक भरवशाच्या असतात, तथापि दिवसाच्या वापराची वहीत केलेली नोंद त्यांच्याहून सरस ठरते.

पाणी संपल्यावर गाडी उचलायची की पाणी आणायचे, हा पुढचा प्रश्न. सजवलेला तंबू, सौर पट्ट्या आणि समतल केलेली गाडी मोडून निघणे कोणालाच नको असते, त्यामुळे निळ्या रंगाचे सात गॅलनचे डबे मोटारीत टाकून नळावर जाण्याची चाल रुळली आहे. भरलेल्या एका डब्यातील पाण्याचेच वजन साडेसव्वीस किलो होते, आणि टाकीचे तोंड छातीच्या उंचीवर असल्याने तो उचलून ओतण्यापेक्षा छोट्या पंपाने पाणी चढवणे कंबरेच्या दृष्टीने शहाणपणाचे. क्वार्ट्‌साइटमध्ये हंगामात पाणी घेऊन येणारे आणि सांडपाणी उपसून नेणारे ट्रकही फिरतात.

पाणी वाहून नेण्याचा या गावाचा वारसा जुनाच आहे. ते वसले तेच मुळी टायसन नावाच्या माणसाच्या विहिरींपाशी, कारण नदीकाठच्या एहरनबर्गहून आत प्रेस्कटकडे जाणाऱ्या घोडागाड्यांना तेथे थांबावेच लागे. १८७५ मध्ये त्या वाटेने गेलेल्या मार्था समरहेज या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने आपल्या आठवणींत त्या मुक्कामाबद्दल एकही गोड शब्द लिहिलेला नाही. गावच्या स्मशानात तांब्याचा उंट माथ्यावर मिरवणारा दगडी पिरॅमिड आहे. तो हाय जॉली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हाजी अली यांचा. अमेरिकेच्या काँग्रेसने १८५५ मध्ये तीस हजार डॉलर मंजूर करून लष्करासाठी पश्चिम आशियातून उंट आणवले, त्यांच्याबरोबर हाजी अली १८५६ मध्ये टेक्ससच्या इंडियानोला बंदरात उतरले आणि पुढच्या वर्षी एडवर्ड बील यांच्या रस्तापाहणीत, कोरड्या टप्प्यांवर, खेचरांना लागणारे पाणी उंटांच्या पाठीवरून गेले. यादवी युद्धात हा प्रयोग बारगळला, उंट विकले गेले वा रानोमाळ सुटले, आणि हाजी अली १९०२ मध्ये वारले. स्मारक १९३५ मधले आहे. क्वार्ट्‌साइटला जाणाऱ्याने गावच्या बाजारातील स्वस्त अवजारांपेक्षा हे स्मारक आधी पाहावे.

पाणी भरण्याआधी टाकी निर्जंतुक असावी लागते. दर पंधरा गॅलन, म्हणजे ५७ लिटर, क्षमतेमागे पाव कप साधे, बिनवासाचे घरगुती ब्लीच आधी पाण्यात मिसळून टाकीत ओततात, टाकी भरतात, प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडतात आणि किमान चार तास तसेच ठेवून मग रिकामी करून खळखळून धुतात. ही क्रिया करताना गाळण्या काढून ठेवाव्या लागतात. कार्बनची, म्हणजे कोळशाच्या भुकटीची, गाळणी क्लोरीन शोषून घेते. म्हणूनच अनेक मार्गदर्शक ती टाकीच्या आधी बसवायला सांगत असले तरी तिची योग्य जागा टाकीनंतर, पिण्याच्या नळाखाली आहे, कारण आठवडाभर उन्हात तापणाऱ्या टाकीत क्लोरीनचा अंश राहिलेलाच बरा. टाकीच्या आधी फक्त गाळ अडवणारी जाड गाळणी पुरे. ओढ्या-तळ्यांतले पाणी घ्यायचीच वेळ आली तर ते एक मिनिट, आणि साडेसहा हजार फुटांहून अधिक उंचीवर तीन मिनिटे, खळखळ उकळावे. तेथे नुसत्या ब्लीचवर भिस्त ठेवू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याला दाद देत नाही.

सांडपाणी रिकामे करायचे ठिकाण म्हणजे डंप स्टेशन. तेथे आधी ब्लॅक टाकी सोडतात व मग ग्रे टाकी, म्हणजे साबणाच्या पाण्याने जाड नळी आपोआप धुऊन निघते. शेजारी नळी धुण्यासाठी असलेल्या नळावर पिण्यास अयोग्य अशी पाटी असते, आणि ती नसली तरी तेथून पाणी भरू नये, कारण तुमच्या आधीच्या माणसाने मैल्याची नळी त्याच तोटीला टेकवली नसेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पिण्याचे पाणी वेगळ्या खांबावरून, हात धुतल्यावर, पिण्यासाठीच बनवलेल्या पांढऱ्या नळीने भरतात, तोटी आधी ब्लीचच्या फडक्याने पुसतात, थोडे पाणी वाहू देतात. आणि काम झाल्यावर नळीची दोन्ही टोके एकमेकांत फिरवून बसवतात, म्हणजे आत धूळ किंवा कोळी शिरत नाही, आणि ती सांडपाण्याच्या नळीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात ठेवतात.